कुठल्याही वयाची गिरकी

एका नृत्याच्या पुस्तकातल्या सोळा मात्रांपैकी दहा मी खाऊन टाकल्या, तिथून आमची ओळख सुरू झाली.

मुद्दाम नाही खाल्ल्या. अंबरनाथ पूर्वेला बाजारातल्या गल्लीत माझं टायपिंग आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, क्लासवाल्यांच्या नोट्स आणि वाढदिवसाचे बॅनर. लोक मजकूर लिहून देतात तेव्हा एकच शब्द दोनदा पडलेला असतो, 'आपले आपले नम्र' वगैरे. तो दुसरा शब्द गुपचूप उडवायचा, हा माझा अनेक वर्षांचा धर्म. गिऱ्हाइकाला सांगतही नाही. आतल्या आत मोठेपणा वाटून घेतो.

आमची ही बदलापूरला घरी ब्लाउज शिवते. तिच्या एका गिऱ्हाईक बाईंनी पेन्सिलीने लिहिलेली जाड वही तिच्याजवळ दिली होती, "तुझ्या नवऱ्याकडून टाईप करून आण" म्हणून. पहिल्याच पानावर होतं: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आणि खाली पुन्हा तेच. मी जोडीतला एकेक 'थेई' काढला. खालची ओळ तर सरळसरळ वरचीच होती, ती अख्खी काढली. पान कसं सुटसुटीत दिसायला लागलं. अशी वीस पानं सुटसुटीत करून मी हिच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच एक उंच, किडकिडीत बाई रिक्षातून उतरल्या. पांढरे केस, त्यांची घट्ट वेणी, पायांत पुरुषी सँडल. त्यांनी काउंटरवर माझी पानं ठेवली.

"हे कुणी केलं?"

"मीच. चुकून दोनदा पडलेले शब्द होते, काढून टाकले. आमचं कामच आहे ते," मी म्हणालो. आवाजात नम्रता होती, पण फार नव्हती.

बाई रागावल्या नाहीत. काउंटरवर दोन्ही हात टेकून त्यांनी आधी मूळ सोळा मात्रा म्हटल्या, खणखणीत, बोटांनी फळीवर ठोकत. पत्रिकेचे नमुने बघायला आलेलं एक कुटुंब वळून बघायला लागलं. मग त्यांनी माझं पान म्हणायला घेतलं. सहाव्या मात्रेला त्या थांबल्या आणि एक हात हवेत तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. खूप वेळ.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"जिना संपला. दहा पायऱ्या तुम्ही काढल्यात. आता मी अशीच लटकणार."

तो हात त्यांनी मी "परत टाईप करतो" म्हणेपर्यंत खाली घेतला नाही.

बाई बदलापुरातच, कात्रपला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. आयुष्यभर कथक शिकवलं, आधी शाळेत, मग घरी. आता दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी पाय आपटणं कायमचं बंद केलं होतं. जिना त्या पाठमोऱ्या उतरायच्या, कठडा धरून, एकेक पायरी. त्यामुळे खालून वर येणाऱ्या माणसाला आधी वेणी भेटायची आणि मग "कोण आहे? या, या, आलेच मी," असा आवाज. आपण वर चाललेले आणि त्या खाली, तरी "आलेच मी."

घड्याळ त्यांच्या घरात नव्हतं. वेळ त्या आवर्तनांत मोजायच्या. सोळा मात्रा म्हणजे एक आवर्तन. चहाला आठ आवर्तनं, पोहे भिजायला चार. मी फोनवर विचारलं, "बाई, वर येऊ का?" तर म्हणायच्या, "सहा आवर्तनांनी या, पातळ बदलतेय." मी जिन्याखाली उभा राहून मनात मोजायचो आणि हमखास लवकर पोचायचो. "तुमची लय पळते हो," त्या दाराआडून ओरडायच्या. "संसारी माणसाची पळतेच. थांबा दोन आवर्तनं!" आमच्या आईला हे फार आवडलं होतं. तिने एकदा बाईंकडून रीतसर मात्रा शिकून घेतल्या आणि त्या हिशोबाने अंडी उकडली. अंडी कच्ची निघाली. "माझीपण लय पळते वाटतं," आई म्हणाली. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती.

पुस्तकाचं वेड त्यांना गुडघ्यांमुळे लागलं, असं सगळे म्हणायचे. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी मला एकदा सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, डब्यातले शेंगदाणे निवडता निवडता.

क्लासमधल्या मुली एकेक करून कमी होत होत्या. शेवटच्या दोघींपैकी एकीची आई दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, राग नका मानू. पण तुम्ही स्वतः करून दाखवत नाही, मग मुलांना कळणार कसं?"

"मी काय सांगणार तिला?" बाई म्हणाल्या. "बरोबर बोलत होती. मी आयुष्यभर करूनच दाखवलं. सांगून कधी बघितलंच नाही. आता सांगून शिकवता आलं तर मी शिक्षिका. नाही आलं तर नुसती एक नाचलेली बाई."

म्हणून ते पुस्तक. त्यात एकही फोटो नको होता. मी सुचवलं होतं, बाई, आजकाल फोटो टाकणं सोपं आहे. "फोटोतला माणूस थांबलेला असतो," त्या म्हणाल्या. "मला हलणारा पाहिजे." सगळं शब्दांत सांगायचं, आणि असं सांगायचं की वाचणाऱ्याने पुस्तक उघडं ठेवून घरातल्या घरात उभं राहावं आणि ते त्याला यावं. वाचणारा कितीही वर्षांचा असो.

एका प्रकाशकाशी त्या माझ्या दुकानातूनच फोनवर बोलल्या होत्या. मी मान खाली घालून पत्रिका जुळवत होतो, पण कान तिकडेच.

"वयोगट? ... नाही, बालवाङ्मय नाही. ... नाही हो, अभ्यासकांसाठी पण नाही. ... ज्याला पाय आहेत त्याच्यासाठी." फोन ठेवला. मग थोडं थांबून पुन्हा लावला. "मघाची मीच बोलतेय. एक सांगायचं राहिलं. ज्याला पाय नाहीत त्याच्यासाठी सातवं प्रकरण आहे. खुर्चीत बसून."

प्रकाशकाने नंतर कळवतो म्हणून सांगितलं. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. "त्याला कपाट पाहिजे. लहानांचं एक, मोठ्यांचं एक. माझं पुस्तक कपाटात राहणारच नाही, जमिनीवर राहील. पायाशी."

मला त्यांनी पहिला वाचक नेमलं. मला वाटलं, माझ्या मराठीवर विश्वास बसला असेल. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्याइतका कडक अंगाचा माणूस मी आजवर पाहिला नाही. तुमच्या हाताला कळलं तर कुणालाही कळेल."

मग दर गुरुवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, त्या नवं पान घेऊन यायच्या. मी वाचायचं आणि काउंटरमागे उभं राहून करायचं. एकदा पानावर होतं, 'हात लालित्याने फिरवावा.'

"फिरवा."

मी फिरवला. पंख्याचा रेग्युलेटर बंद केल्यासारखा फिरला.

"हे लालित्य?"

"मला काय माहीत, बाई! लालित्याने म्हणजे कसा?"

"हो ना? मलाही नाही सांगता येत. म्हणजे शब्द खोटा. काढा तो." मी काढला. पुढच्या गुरुवारी त्या जागी होतं: 'पातेल्यावरचं गरम झाकण उचलून, वाफ तोंडावर येऊ नये म्हणून मनगट जसं वळवता, तसं वळवा.' मी वळवलं आणि थक्क झालो. माझाच हात, पण कुणीतरी उसना दिल्यासारखा.

त्यांच्या पुस्तकात सगळं असंच होतं. मान कशी झुकवायची, तर शेअर रिक्षात शेवटी शिरताना. पाऊल कसं टाकायचं, तर पुसलेली फरशी अजून ओली असताना पलीकडे जायचंय, तसं. आणि असलं काही मिळवायला त्या कुठेही जायच्या. उल्हासनगरला एका सिंधी शेटजींचं कापडाचं दुकान होतं. बाई तिथे गेल्या, गादीवर बसल्या आणि म्हणाल्या, थान दाखवा. शेटजींनी कापडाचं थान समोर भिरकावलं, ते उलगडत उलगडत पार बाईंच्या गुडघ्यापर्यंत आलं.

"दुसरं."

दुसरं आलं. तिसरं आलं. सहावं उलगडून झाल्यावर शेटजी म्हणाले, "ताई, कलर कौनसा पसंद आया? एक बार बोलो तो सही."

"रंग नको. मी तुमचा हात बघतेय. कोपर आधी जातं का मनगट?"

शेटजींनी आपल्या हाताकडे असं बघितलं जणू तो त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. "वडी साईं! चालीस साल से थान फेकतो मी, ये कभी देखाच नाही." मग त्यांनी स्वतःहून सातवं थान टाकलं, सावकाश, कोपराकडे लक्ष ठेवून. "कोपर, ताई. कोपर पयले जाता है." ते पुस्तकात तसंच आलं. शेटजीही त्या दिवसापासून पुस्तकाचे झाले. गिऱ्हाइकांना सांगायचे, "किताब में मेरा हाथ आनेवाला है."

असं करत दीड वर्ष गेलं. वही संपली. मग एका गुरुवारी बाईंनी सांगितलं, "परीक्षा घ्यायची."

"कुणाची?"

"पुस्तकाची. कधीही न नाचलेली चार माणसं पाहिजेत, चार वयांची. त्यांच्यासमोर गिरकीचं प्रकरण ठेवायचं. मी तिथे बसेन, पण बोलणार नाही. टाळी देणार नाही, मान हलवणार नाही. उद्या कुणी पुस्तक घरी नेलं तर त्याच्या घरी मी थोडीच जाणार आहे? चौघांना आलं तर छापायचं."

"आणि नाही आलं तर?"

"तर त्या दारातल्या बाईचं खरं. वही रद्दीत."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

रविवारी सकाळी आमच्या हेंद्रेपाड्याच्या घरी हॉलमधला सोफा गॅलरीत ढकलला. चार माणसं अशी: खालच्या मजल्यावरची सई, वय सात, दात तीन पडलेले. मी, वय सांगण्यासारखं नाही, पोट दिसतंच आहे; काउंटरमागे जागा नसल्याने गिरकी मी कधी करून बघितली नव्हती, नुसती टाईप केली होती. शेटजी, साठीचे, खास उल्हासनगरहून आलेले, पांढऱ्या सफारीत. आणि आमची आई खुर्चीत, तिच्यासाठी तीच गिरकी सातव्या प्रकरणात नुसत्या हातांनी आणि मानेने होती. पान मोठ्याने वाचायला आमची ही, कारण दोन्ही हातांत पुस्तक धरून गिरकी मारणं मला झेपणार नव्हतं. ती आमच्या पुढे उभी राहिली. बाई तिच्या मागे, खिडकीशी, खुर्चीत. सगळे आमच्याकडे तोंड करून.

बाई त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. निकालाच्या दिवशी मुलं धुतलेला शर्ट घालतात, तशा.

"चेष्टा करायची नाही हं," मी हिला आधीच बजावलं होतं.

"मी कशाला करू? तुम्ही आहात की," ती म्हणाली.

सुरुवात झकास झाली. झाकणाचं मनगट सगळ्यांना आलं. शेटजींना थानाचा हात तर इतका आला की त्यांचा हात माझ्या कानशिलापर्यंत पोचला. सई ओल्या फरशीवरून पलीकडे गेली तेव्हा आईच्या तोंडून "वा!" निघालं. मी चोरून बाईंकडे बघितलं. त्या ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या, पण डोळे लकाकत होते.

मग गिरकी आली.

ही वाचायला लागली, "उजवा पाय डाव्या पायाच्या पुढून पलीकडे टाका. टाकला? आता उजव्या खांद्याकडून वळत पूर्ण फिरा. तुमचं तोंड सुरुवातीच्या भिंतीकडे आलं पाहिजे."

आम्ही पाय टाकला. आम्ही उजव्या खांद्याकडून वळलो. आणि अर्ध्यावर आमच्या पायांना दोरखंडासारखा पीळ बसला. सई सरळ खाली बसली. शेटजींनी आधारासाठी माझा शर्ट धरला, मी भिंत धरायला गेलो आणि भिंतीवरचं कॅलेंडर हातात आलं. "वडी... ये टांग मेरी है का तुम्हारी?" शेटजी म्हणाले. सई खदखदून हसायला लागली.

"परत वाचते," ही म्हणाली. परत वाचलं. परत तसंच झालं. तिसऱ्या वेळी सई हसली नाही. "मला येत नाहीये," ती बारीक आवाजात म्हणाली. "मी ढ आहे का?"

बाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. त्यांना त्या क्षणी उठून दाखवता आलं असतं तर एका आवर्तनाचं काम होतं. पण उठता येत नव्हतं, आणि बोलायचं नाही हे त्यांनीच ठरवलं होतं. त्यांनी हळूच हात पुढे केला. वही मागण्यासाठी.

हिने वही दिली नाही.

ती एकदा आमच्याकडे, एकदा पानाकडे बघत होती. नव्या मुलीने उलटी बाही जोडून आणली की ती जशी बघते, तशी. मग वही आईच्या मांडीवर ठेवली, साडीचा पदर खोचला आणि स्वतःच पाय टाकून बघितला. उजवा पाय पलीकडे. उजवीकडे वळायला गेली, पीळ. डावीकडे वळली, आणि गर्रकन फिरून पुन्हा आमच्यासमोर आली.

"बाई," ती म्हणाली, "पाय बरोबर लिहिलाय. वळायचं उलटं लिहिलंय. डावा खांदा पाहिजे." मग थोडा विचार करून, "तुम्ही क्लासमध्ये मुलींकडे तोंड करून उभ्या राहायच्या ना?"

बाईंनी मान हलवली. मान हलवायची नाही हे विसरून.

"मग तुम्ही स्वतः उजवीकडे वळून त्यांना 'डावीकडे' म्हणत असणार. आणि डावीकडे वळून 'उजवीकडे'. त्यांना बरोबर दिसावं म्हणून. तीच उलटं बोलायची सवय लिहिताना राहिली."

बाई खिडकीच्या गजाला धरून बसल्या होत्या. त्यांचा उजवा खांदा हलला, मग डावा. ओठ पुटपुटत होते. मग त्या हसायला लागल्या. आधी नुसती पाठ हलली, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी.

"अगं माझे आई! पायांचं मला माझ्या गुरूंनी शिकवलं, ते त्यांच्या शब्दांत तसंच राहिलं. वळणं मी शिकवता शिकवता शब्दांत आणली. सगळी उलटी! अंगाला डावं माहीत, तोंडाला उजवं. सगळा जन्म मी पोरींच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. आणि पुस्तकपण तसंच लिहिलं. वाचणाऱ्याच्या समोर उभी राहून!"

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? खुर्ची हलवा माझी."

"कुठे?"

"तिकडे. त्या पोरीच्या शेजारी. ती बघतेय त्याच भिंतीकडे तोंड करून."

शेटजींनी आणि मी खुर्ची उचलली, बाईंसकट. त्या सईच्या शेजारी आल्या. दोघींचं तोंड खिडकीच्या भिंतीकडे. बाईंनी तिचा हात हातात घेतला. "तू ढ नाहीस. ढ मी होते. हा तुझा डावा खांदा. माझापण हाच. दिसतंय? दोघींचा एकाच बाजूला. आता जा."

सई गेली. गर्रकन. फ्रॉक फुगला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, तीन दात नसलेलं हसू घेऊन. शेटजी गेले, सफारी सांभाळत, "ओ ओ ओ" करत, पण पोचले. मी गेलो. माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की भिंत जागेवर होती आणि मीही. आईने खुर्चीतल्या खुर्चीत हात फिरवला, मान वळवली आणि म्हणाली, "झालं का? एवढंच असतं? मग मला लहानपणी का नाही शिकू दिलं?"

बाई म्हणाल्या, "परीक्षा रद्द. मी बोलले."

"म्हणजे वही रद्दीत?" सईने विचारलं.

"नाही गं. म्हणजे पुन्हा लिहायची. शेजारी बसून."

त्यांनी खरंच शेजारी बसून लिहिलं. पुढचे सहा महिने दर गुरुवारी बाई काउंटरच्या आत, माझ्या बाजूला, माझ्यासारखंच रस्त्याकडे तोंड करून बसायच्या आणि सांगायच्या, मी टाईप करायचो. मधेच मला शहाणपणा सुचला. म्हटलं, बाई, कॉम्प्युटरला सांगू, सगळे 'उजवा' बदलून 'डावा' कर, मग सगळे 'डावा' बदलून 'उजवा' कर, दोन मिनिटांचं काम. केलं. तेव्हा पुस्तकात डावा हात असा कुणालाच उरला नाही, मंडळी दोन उजव्या हातांनी आणि दोन उजव्या पायांनी गिरक्या घ्यायला लागली. बाईंनी ते पान जपून ठेवलं. आलेल्या-गेलेल्याला वाचून दाखवायच्या. "हा एक जमत नाही बघा नाच. आमच्या छापखान्याने बसवलाय."

नव्या वहीची परीक्षा झाली. या वेळी बाई आल्याच नाहीत. "मी असले की तुम्ही माझ्याकडे बघता," म्हणाल्या आणि घरी बसून राहिल्या. आम्ही चौघे एकाच दमात फिरलो. मी फोन करून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "चार आवर्तनं थांबा. मग परत सांगा."

मी थांबलो. परत सांगितलं.

पुस्तक मीच छापलं. प्रकाशकाला कपाट सापडलं नव्हतं. मुखपृष्ठावर वयोगट नाही. पुस्तकांच्या दुकानात ठेवायला कुणी तयार होईना, तेव्हा शेटजींनी गठ्ठा उचलून नेला आणि आपल्या गादीशेजारी मांडला. ड्रेसपीस घ्यायला आलेल्या बाईला आधी पुस्तकातलं आपलं पान उघडून दाखवायचे, "ये देखो, मेरा कोपर," आणि मग थान टाकायचे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, जिथे जिथे त्यांचं कापड गेलं तिथे तिथे पुस्तक गेलं.

बाईंच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि भाची त्यांना साताऱ्याला घेऊन गेली. जाताना म्हणाल्या, "क्लासची पाटी काढू नका, घरमालक काढेल तेव्हा काढेल." तिकडे व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोराचं सूचनापत्रक त्यांनी नवीन लिहून दिलंय. 'गुडघा नव्वद अंशांत वाकवा' याऐवजी 'एसटीच्या बाकावर बसता तसा'. फोन येतो महिन्यातून एकदा. "चालते हो मी. तीन आवर्तनं न थांबता." बाकी चौकशी आईची, सईची, आणि दुकानातल्या प्रिंटरची, जो त्यांच्या मते साडेसहा मात्रांत बोलतो.

परवाची गोष्ट. मी आणि ही अंबरनाथ पूर्वेला एका गिऱ्हाइकाकडे पत्रिका द्यायला गेलो होतो. इमारतीच्या तळमजल्यावर एका घराचं दार उघडं होतं, उकाड्यामुळे असेल. आत एक म्हातारी पलंगावर बसून, पुस्तक हातभर लांब धरून मोठ्याने वाचत होती. तिच्याच बाजूला, तिच्यासारखंच समोरच्या भिंतीकडे तोंड करून, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आणि बनियन घातलेला तिचा बाप. "उजवा पाय... डाव्याच्या पुढून..." म्हातारी एकेक शब्द लावत वाचत होती. "बाबा, तुमची लुंगी!" मुलगी म्हणाली. बापाने लुंगी वर खोचली. दोघे वळले, डाव्या खांद्याकडून. बाप चपलांच्या रॅकवर आपटला, पण तोंड भिंतीकडे होतं. म्हातारी म्हणाली, "परत."

त्या माणसांना मी ओळखत नव्हतो. ती बाईंना ओळखत नव्हती. वाटलं, सरळ आत जावं, सांगावं, की या पुस्तकवाल्या बाई आमच्या ओळखीच्या, हे मी छापलंय, ही वळणं आमच्या हॉलमध्ये सरळ झाली. मी चप्पल काढायला वाकलोसुद्धा.

हिने मागून माझा शर्ट धरला.

"कुठे निघालात?" ती हळू आवाजात म्हणाली. "आत बाईंचा क्लास चाललाय."